क्रोसिन, आईचा गुडघा आणि पटलातलं एक एन्झाइम

पेशी आपल्याच पटलातून, म्हणजे भोवतीच्या पातळ चरबीच्या पडद्यातून, निरोपाचे रेणू बनवतात आणि तोडतात, तो हा विषय. गांजाचं नाव न काढता त्यावर कुणी लिहीतच नाही, म्हणून मीही ते आधीच उरकून टाकते. 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा पदार्थ, टीएचसी, वेगळा काढून त्याची रचना मांडली, मग बरीच वर्षं पुष्कळ लोकांना वाटत राहिलं की हा चरबीत विरघळणारा पदार्थ, मेंदूच्या पेशींच्या पटलात घुसून काहीतरी गोंधळ घालत असणार, बाकी काही नाही. 1988 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवलं की त्याला बसायला ठरलेली जागा आहे, रिसेप्टर आहे. 1990 मध्ये त्या रिसेप्टरचा जीन हाताला लागला, त्याला सीबी-1 म्हणतात, आणि मग सरळच प्रश्न आला की शरीराने ही जागा काय गांजेकसांची सोय म्हणून ठेवली होती? 1992 मध्ये तेच डिव्हेन, लुमिर हानुश आणि मेशुलाम यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराचा स्वतःचा रेणू काढला आणि संस्कृतातल्या आनंदावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं.

झालं. तेव्हापासून हा रेणू 'ब्लिस मॉलिक्यूल' म्हणून मिरवतोय, रील्समध्ये, रविवारच्या पुरवणीत, आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या फोटोखाली, आणि मला त्याचा मनापासून वैताग येतो. कारण ज्याचं एवढं कौतुक चाललंय तो शरीरात टिकतो जेमतेम काही मिनिटं. तो कुठे बनणार, कधी बनणार, किती वेळ राहणार आणि कुणी त्याचे तुकडे करायचे हे सगळं ठरवतात ती पेशींच्या पटलांत रुतून किंवा पटलाला चिकटून बसलेली एन्झाइम्स, आणि त्यांच्याबद्दल कुणी रील बनवत नाही. सत्ता त्यांच्याकडे आहे. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं, आता अंधेरीच्या एका ऑफिसात औषध कंपन्यांची कागदपत्रं लिहिते, त्यामुळे या एन्झाइम्सवर बेतलेल्या औषधांचं काय काय झालं ते वाचायची सवय आहे, आणि घरी आईचा गुडघा आहे, म्हणजे दोन्हीकडून विषय अंगावर आलेला.

बारावी सायन्सला ज्यांनी पेशीपटलाची आकृती काढलीय त्यांना आठवेल, गोल डोकं आणि खाली दोन पाय, अशांच्या दोन रांगा, पाय आत आणि डोकी बाहेर, मधेमधे प्रोटीनचे वेडेवाकडे गोळे. सिंगर आणि निकोल्सन यांचं 1972 चं मॉडेल. खाली उत्तर लिहायचं की पटल पेशीला बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवतं आणि निवडक पदार्थ आतबाहेर सोडतं, मार्क मिळाले, पुढचा प्रश्न. त्या पायांबद्दल आम्हाला कुणी एवढंच सांगितलं की ते पाण्याला घाबरतात. ते पाय म्हणजे कच्चा माल आहे, पेशी गरज पडली की स्वतःच्याच पटलातले पाय कापून त्यांचा निरोप बनवते, हे मला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कळलं आणि मी तो पेपर वाचत असताना माझं उतरायचं स्टेशन गेलं. (हे खोटं वाटेल, पण कुर्ला सुटून सायनला उतरले होते.)

म्हणजे बघा, डोपामाइन, सेरोटोनिन, ग्लुटामेट वगैरे मंडळी आधी बनवून बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, इशारा आला की पिशवी फुटते. आनंदामाइड आणि त्याचा भाऊ टू-एजी (हा 1995 मध्ये इस्रायल आणि जपानमधल्या दोन गटांना वेगवेगळा सापडला, आणि मेंदूत त्याचं प्रमाण आनंदामाइडपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, तरी फेमस मात्र आनंदामाइडच, नावाचा फायदा) यांना पिशवीत ठेवता येत नाही, कारण पिशवी पण चरबीच्याच पटलाची आणि हे पण चरबीच, आरपार निघून जातील. म्हणून साठवायची भानगडच नाही, लागेल तेव्हा जागच्या जागी बनवायचं.

बनवायला लागतो अ‍ॅरॅकिडॉनिक अ‍ॅसिडचा पाय, वीस कार्बनचा, चार जागी डबल बाँड असल्यामुळे वाकलेला. पेशी उत्तेजित झाली, आत कॅल्शियम वाढलं, की एक एन्झाइम पटलातल्या एका रेणूचा हा पाय उचलून शेजारच्या रेणूच्या चक्क डोक्याला जोडतं, आणि मग दुसरं, नेप-पीएलडी नावाचं, तो जोडलेला तुकडा कापून सोडतं, तो आनंदामाइड. नेप-पीएलडीचा जीन 2004 मध्ये जपानमधल्या उएदा यांच्या गटाने ओळखला. गंमत म्हणजे हे एन्झाइम काढून टाकलेल्या उंदरांतही आनंदामाइड थोडंफार बनतंच, म्हणजे आडवाटा आहेत. टू-एजीचं काम त्यामानाने सरळ, पटलातल्या डायअसाइलग्लिसरॉलचा एक पाय डॅगल नावाचं एन्झाइम कापतं आणि उरतो तो टू-एजी. हे डॅगल 2003 मध्ये सापडलं, आणि त्याची जागा बघितली तर ते निरोप घेणाऱ्या पेशीच्या बाजूला बसलेलं होतं. निरोप देणाऱ्या पेशीच्या नाही.

हे कळायला मला आमची लालबागची चाळ उपयोगी पडते. लाकडी तक्तपोशी, वरच्या मजल्यावर कुणी पाट सरकवला तरी खाली कळायचं. वरच्यांचा टीव्ही मोठा झाला की आमची आजी झाडू उलटा धरून दांड्याने वर दोनदा ठोकायची, ठक ठक, आणि टीव्ही हळू व्हायचा. पाच मिनिटांनी परत मोठा, कारण ठोकणं तेवढ्यापुरतंच. मेंदूत हेच होतं. वरची पेशी खालच्या पेशीवर सिग्नल सोडत राहते, खालच्या पेशीला जास्त झालं की ती आपल्या पटलातून टू-एजी बनवून उलट्या दिशेने वर पाठवते, तो वरच्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-1 वर बसतो, तिथलं कॅल्शियम आत यायचं कमी होतं आणि सिग्नल हळू होतो. काही सेकंद, अर्धं मिनिट, आणि मग पुन्हा पहिल्यासारखं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांत हा 'हळू होणं' प्रकार दिसला होता, पण दांडा कुणाच्या हातात आहे ते कळत नव्हतं, जवळजवळ दहा वर्षं. 2001 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हा एंडोकॅनाबिनॉइडचा, म्हणजे आनंदामाइड आणि टू-एजीसारख्या शरीराच्या स्वतःच्या रेणूंचा, उद्योग आहे.

आता महत्त्वाचं हे की ठोकणं थांबायला पाहिजे. आजीने दांडा खाली ठेवलाच नसता तर वरच्यांनी एक तर टीव्ही विकला असता किंवा आमच्याशी बोलणं सोडलं असतं, किंवा सगळ्यात शक्य म्हणजे ठोकण्याची सवय होऊन ते ऐकणंच बंद केलं असतं. हे तिसरं खरंच होतं. टू-एजी तोडणारं मुख्य एन्झाइम मॅगल, ते वरच्याच पेशीच्या टोकाशी, सीबी-1 च्या बाजूलाच असतं, आणि मेंदूत टू-एजीचं साधारण 85 टक्के तोडकाम तेच करतं, हे 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स इन्स्टिट्यूटमधल्या बेंजामिन क्रॅव्हाट यांच्या लॅबने मोजलं. उरलेलं दोन एन्झाइम्स वाटून घेतात, एबीएचडी-6 आणि एबीएचडी-12, पहिल्याचं तोंड पेशीच्या आतल्या बाजूला आणि दुसऱ्याचं पटलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे एकाच रेणूला कुठल्या बाजूला पकडायचं तेसुद्धा वाटून दिलेलं. तर उंदरांत मॅगल दिवसेंदिवस पूर्ण बंद ठेवलं की टू-एजी साचतो, सुरुवातीला वेदना कमी होतात, आणि मग सीबी-1 थकतात, पेशी त्यांची संख्याच कमी करते, आणि परिणाम मावळतो. म्हणजे ज्याला जास्तीत जास्त वेळ टिकवायला गेलात तोच निकामी झाला.

आनंदामाइडला तोडणारा वेगळा, आणि मला तोच जास्त आवडतो. फॅटी अ‍ॅसिड अमाइड हायड्रोलेज, लॅबमधले लोक नुसतं 'फा' म्हणतात. 1996 मध्ये याचा जीन क्रॅव्हाट यांनीच शोधला आणि 2002 मध्ये स्क्रिप्सच्याच लोकांनी उंदराच्या फाची क्रिस्टल रचना काढली, आणि ते चित्र बघण्यासारखं आहे. दोन फा एकमेकांना चिकटून जोडीने राहतात. पेशीच्या आतल्या पडद्यावर, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर, बसतात, पण पटल आरपार छेदत नाहीत, नुसता एका बाजूने त्यात पालथा पडल्यासारखा तळ रुतवलेला. त्या तळाशी दोन तेलकट वेटोळी आहेत आणि त्यांच्यामधून आत जाणारी एक वाट आहे, जी उघडते थेट पटलाच्या चरबीत. हे कशासाठी, तर आनंदामाइड पाण्यात पोहत येतच नाही, तो चरबीतच फिरतो, आणि फा त्याला चरबीतूनच आत ओढतं. आत एक सेरीन नावाचं अमिनो अ‍ॅसिड, 241 नंबरचं, तयार बसलेलं असतं. एक फटका. अ‍ॅरॅकिडॉनिक अ‍ॅसिड एकीकडे, इथॅनॉलअमाइन दुसरीकडे, दोन्ही परत पटलाच्या कामाला लागतात, काही वाया जात नाही. आनंदामाइड बाहेरून फापर्यंत पोचतो कसा यावर मात्र कित्येक वर्षं भांडणं चाललीयत, कुणी म्हणतं खास दरवाजा आहे, कुणी म्हणतं दरवाजा वगैरे काही नाही, आपोआप झिरपतो आणि आत फॅटी अ‍ॅसिड वाहून नेणारी प्रोटीन त्याला हात धरून फाकडे नेतात. मी दुसऱ्या पार्टीत. टीएचसी मात्र फाला तुटत नाही, त्याची विल्हेवाट मुख्यतः लिव्हर लावतं, म्हणून होळीला भांग घेतलेला माणूस तासन् तास तिकडेच असतो आणि आपल्या स्वतःच्या आनंदामाइडने कुणी गच्चीवर चढून बसत नाही.

आता गुडघा. आई माझ्याकडे भांडुपला असते, चाळ रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. स्टेशनचा पूल चढताना ती कठड्याला धरून एकेक पायरी घेते, दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे मग पुढची, मागून येणारी गर्दी हुं हुं करत फुटून दोन्ही बाजूंनी जाते आणि ती कुणाकडे बघत नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते. घरी तिचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे, त्यात गोळ्या, स्ट्रिपा कात्रीने चार-चारच्या तुकड्यांत कापून रबर लावून ठेवलेल्या, आणि फार झालं की एक क्रोसिन. "घेतली की बरं वाटतं, फार नाही, थोडं," असं म्हणते, आणि मी आयुष्यभर पेनकिलरची जी वर्णनं टाइप केलीयत त्यांत एवढं प्रामाणिक एकही नाही.

क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. ते पहिल्यांदा बनलं 1878 मध्ये, बाजारात नीट आलं 1950 च्या दशकात, जगात कोट्यवधी लोक रोज घेतात, आणि ते नक्की कसं काम करतं हे एका वाक्यात सांगता येत नाही. सूज कमी करणाऱ्या गोळ्यांसारखं ते वागत नाही. 2005 मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या होगेस्टेट आणि झिगमुंट यांच्या गटाने एक वेगळीच वाट दाखवली. गोळीतल्या थोड्या भागाचं लिव्हरमध्ये पॅरा-अमिनोफिनॉल होतं, ते रक्तातून मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जातं, आणि तिथे ते कुणाच्या हातात सापडतं? फाच्या. आणि फा, ज्याचं आयुष्य तोडण्यात गेलं, ते इथे जोडतं, पॅरा-अमिनोफिनॉलला अ‍ॅरॅकिडॉनिक अ‍ॅसिडचा पाय लावून देतं. तयार होतो एएम-404. हा आनंदामाइडची विल्हेवाट लांबवतो, आणि मिरचीचा झणका ज्या रिसेप्टरवर लागतो त्या टीआरपीव्ही-1 वर मेंदूत जाऊन बसतो. ज्या उंदरांत फा नाही, त्यांना वेदनेच्या चाचण्यांत पॅरासिटामॉल दिलं तर उपयोग होत नाही. हे वाचलं तेव्हा मी आईच्या डब्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. एवढ्यावर हे थांबत नाही, इंडियाना युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी अगदी अलीकडे असं मांडलंय की पॅरासिटामॉल डॅगललाही अडवतं, म्हणजे टू-एजी बनणंच कमी होतं, आणि त्यानेही वेदना कमी होतात, जे आतापर्यंतच्या समजुतीच्या बरोब्बर उलट आहे. एंडोकॅनाबिनॉइड वाढले की दुखणं कमी, एवढा सोपा हिशोब मांडून कंपन्या उभ्या राहिल्यायत, आणि इथे दहा-वीस रुपयांची स्ट्रिप म्हणते थांबा जरा.

आईला हे मी पोळ्या लाटताना सांगितलं, ती लाटत होती, मी भाजत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ते तोडणारं काढूनच टाकलं तर दुखणारच नाही ना?"

बरोबर हाच प्रश्न सगळ्यांना पडला होता. आणि एका बाईच्या शरीरात ते जवळजवळ झालेलं आहे. स्कॉटलंडमधली बाई, 2019 मध्ये तिच्यावर ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशियात लेख आला तेव्हा एकाहत्तर वर्षांची. पासष्टीत खुब्याची तक्रार घेऊन गेली तर सांधा पार झिजलेला, आणि दुखत काहीच नव्हतं. नंतर हाताचं ऑपरेशन झालं, जे भयंकर दुखतं म्हणून डॉक्टर आधीच समजावत असतात, तर हिने नंतर पेनकिलर मागितलीच नाही, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना शंका आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जीन तपासले तर फा कमजोर करणारा एक माहितीतला बदल होताच, शिवाय फाच्या जीनच्या पुढच्या भागातला एक तुकडा गायब. हा भाग निकामी समजला जायचा, त्याला त्यांनी नाव दिलं फा-आउट. रक्तात आनंदामाइड जवळजवळ दुप्पट. बाळंतपणाला त्रास नाही, जखमा लवकर भरतात, काळजी-भीती मोजायच्या प्रश्नावलीत शून्याच्या आसपास. बोलता बोलता शब्द विसरते, किल्ल्या विसरते. आणि हात भाजतोय हे तिला बरेचदा वासावरून कळायचं.

शेवटच्या वाक्याला आईने लाटणं थांबवलं. "शी. नको गं बाई. मला गुडघ्यापुरतंच पाहिजे."

गुडघ्यापुरतंच पाहिजे! आईला माहीत नाही, पण औषध कंपन्यांनी खरंच गुडघ्यावरच करून बघितलं. फायझरने फा अडवणारं औषध बनवलं, गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या पेशंटना दिलं, निकाल 2012 मध्ये छापून आला. औषधाने काम चोख केलं, फा जवळजवळ पूर्ण बंद, रक्तात आनंदामाइड भरपूर वाढला, त्रासही विशेष नाही. आणि गुडघे दुखायचे थांबले नाहीत. तुलनेसाठी ठेवलेल्या नॅप्रोक्सेन या साध्या पेनकिलरने आराम पडला, याने नाही. ज्याला 'ब्लिस मॉलिक्यूल' म्हणतात तो इतका वाढवूनही माणसं गुडघा धरून बसलेलीच. रील बनवणाऱ्यांनी हा पेपर वाचावा अशी माझी फार इच्छा आहे, वाचणार नाहीत. कारणं बरीच सांगितली जातात, फा आनंदामाइडशिवाय त्याच जातीचे इतर रेणूही तोडतं, ते सगळेच एकदम वाढतात, आणि आनंदामाइड स्वतः सीबी-1 बरोबर मिरचीच्या त्या रिसेप्टरलाही हात लावतो, जो सांध्याच्या नसांवर दुखणं वाढवतो. मला विचाराल तर चूक गणिताची आहे. एखादी गोष्ट थोडी, एका जागी, काही सेकंद असण्यात तिचा परिणाम असेल, तर ती अख्ख्या अंगात दिवसभर भरून ठेवल्यावर तोच परिणाम मोठा होऊन मिळेल असं धरून चालण्याला काही आधार नाही.

नंतर फ्रान्समधलं रेन शहर. जानेवारी 2016, पोर्तुगालच्या बियाल कंपनीचं फा अडवणारं औषध, निरोगी माणसांवरची पहिलीच चाचणी. सहा जण हॉस्पिटलात, त्यातला एक गेला. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता, कारण निरोगी माणूस पैसे घेऊन चाचणीला येतो आणि मरतो, हे या धंद्यात कुणालाच पचत नाही. 2017 मध्ये 'सायन्स'मध्ये जो अभ्यास आला त्यात दिसलं की हे औषध फावर थांबत नव्हतं, मेंदूच्या पेशींमधल्या त्याच घराण्यातल्या इतर बऱ्याच लायपेजवरही, म्हणजे चरबी तोडणाऱ्या एन्झाइम्सवरही, जाऊन चिकटत होतं आणि पेशींच्या चरबीचा सगळा कारभार बिघडवत होतं. फायझरच्या औषधाने ते होत नव्हतं. या सगळ्या एन्झाइम्सच्या पोटात तेच सेरीन, तोच फटका, म्हणून एकाला गाठायला गेलं की बाकीचे लागतात. उलट टोकाला रिमोनाबँट, ते सीबी-1 च बंद करायचं, वजन कमी व्हावं म्हणून. युरोपात 2006 मध्ये आलं, लोक डिप्रेशनमध्ये जायला लागले, आत्महत्येचे विचार यायला लागले, 2008 मध्ये मागे घेतलं, आपल्याकडे 2009 मध्ये बंदी आली. भूक कमी करायला गेले आणि जगण्याचीच इच्छा कमी झाली.

माझा भाऊ मॅरेथॉनवाला आहे, जानेवारी आला की त्याचं स्टेटस पहाटे चारला लागतं. तो एंडॉर्फिन एंडॉर्फिन करत असतो. 2021 च्या जर्मनीतल्या एका अभ्यासात धावणाऱ्यांना नाल्ट्रेक्सोन देऊन एंडॉर्फिनची जागा बंद केली तरी ती पळाल्यानंतरची मस्ती आलीच, आणि रक्तात आनंदामाइड वाढलेला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, नाव काहीही असू दे, तू एकदा पळून बघ." बरं.

'विजया'च्या, म्हणजे आयुर्वेदातल्या नावाने विकल्या जाणाऱ्या गांजाच्या झाडाच्या, तेलाच्या बाटल्यांबद्दल मात्र एक सांगते, कारण आमच्या सोसायटीत दोघींनी मागवल्यायत आणि माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं की यातलं सीबीडी (त्याच झाडातला, टीएचसीहून वेगळा पदार्थ) फा अडवतं आणि तुमचा आनंदामाइड वाढवतं. उंदराचं फा अडवतं. माणसाच्या फावर तेच प्रयोग केले तर सीबीडीने ते अडलं नाही, जो काही परिणाम आहे तो त्या हात धरून नेणाऱ्या प्रोटीनवर असावा असं त्या संशोधकांनी मांडलं. तेलाचा उपयोग होतो की नाही हा वेगळा मुद्दा, पण पत्रकावरचं वाक्य उंदराबद्दल आहे आणि बाटलीवरची किंमत माणसासाठी आहे.

कच्च्या मालाचा मुद्दा राहिला. पटलातले पाय आपण जे खातो त्यावरून थोडेफार बदलतात, हे खरं. 2011 मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने उंदरांना जन्माच्या आधीपासून ओमेगा-3 अगदी कमी असलेलं खाणं दिलं, तर मेंदूच्या पुढच्या भागात ती उलट ठोकायची सोय बंद पडलेली दिसली, सीबी-1 होते तिथेच पण ऐकेनात. मी हे वाचून आईला कौतुकाने म्हटलं की तारली आणि बांगडा खातेस ते चांगलं आहे. ती वेंगुर्ल्याची, तिला माशाच्या बाबतीत कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही, म्हणाली पावसाळ्यात बंदीत दोन महिने मासा नसतो तेव्हा काय पेशी उपाशी राहतात का. पटलं. उंदरावरून बांगड्यावर जाणं हे फॅमिली ग्रुपचंच काम आहे, माझं नाही.

ती मूळ मुद्द्याला मात्र धरून होती. "मग क्रोसिन घेऊ की नको?"

घे म्हटलं, पण मोजून. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही वरची हद्द, तुझ्या वयाला आणि वजनाला डॉक्टरांनी त्याहून कमी सांगितलीय, जास्त झालं की लिव्हर जातं आणि ते गुडघ्यासारखं आधी दुखून सांगत नाही. आणि मागच्या आठवड्यात सर्दीला घेत होतीस त्या गोळीतही पॅरासिटामॉलच असतं, दोन्ही एकदम नको. तिचा विश्वास बसेना. डबा आणला, रबर काढलं, चष्मा लावला, दोन्ही स्ट्रिपांच्या मागची बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली, परत वाचली.

"मग मेले दोन वेगळी नावं कशाला ठेवतात?"